अस्वलाची युरोपीय भाषांतील नावे

अस्वलाची युरोपीय भाषांतील नावे हा तौलनिक भाषाशास्त्रातील एक प्रसिद्ध अभ्यासविषय आहे. युरोपातील बहुतेक भाषा एकाच भारत-युरोपीय (इंडो-युरोपीय) कुळातील असल्या, तरी अस्वलाला त्यांच्यात एकच वारसाशब्द आढळत नाही. ग्रीक, लॅटिन आणि वेल्श या भाषांनी मूळ शब्द जतन केला. जर्मानिक, स्लाव्ह आणि बाल्टिक शाखांत मात्र तो शब्द नाहीसा झाला असून त्याच्या जागी 'तपकिरी', 'मध खाणारा' अशा अर्थाची वर्णनात्मक नावे आली. जंगलातील बलाढ्य प्राण्याचे खरे नाव उच्चारल्यास तो समोर येऊन उभा राहील, या भीतीने उत्तरेकडील लोकांनी ते नाव टाळले आणि कालांतराने ते विसरले गेले, असे या बदलाचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. हे स्पष्टीकरण बहुतेक अभ्यासकांना मान्य असले, तरी ते अनुमान आहे. त्याला प्रत्यक्ष लेखी पुरावा नाही.

ज्या प्राण्याची ही नावे आहेत तो मुख्यतः युरोपातील तपकिरी अस्वल होय. कार्ल लिनियस याने १७५८ साली त्याला 'उर्सुस आर्क्टोस' असे शास्त्रीय नाव दिले. यातील पहिला शब्द लॅटिन व दुसरा ग्रीक असून दोहोंचा अर्थ अस्वल असाच आहे.

मूळ शब्द

संस्कृत 'ऋक्ष', अवेस्ताच्या भाषेतील 'अर्श', ग्रीक 'आर्क्टोस', लॅटिन 'उर्सुस', आर्मेनियन 'आर्ज', अल्बेनियन 'अरी', जुने आयरिश 'आर्ट' आणि वेल्श 'आर्थ' हे सर्व सगोत्र शब्द आहेत. वरवर पाहता 'ऋक्ष' आणि 'उर्सुस' यांत फारसे साम्य दिसत नाही. परंतु ध्वनिपरिवर्तनाचे नियम लावून पाहिले, तर हे सर्व शब्द एकाच पूर्वरूपाकडे जातात. भाषाशास्त्रज्ञ या पूर्वरूपाची पुनर्रचना साधारणतः 'हृत्कोस' अशी करतात. प्रारंभीचा 'ह' हा कंठाच्या मागील भागातून उच्चारला जाणारा ध्वनी असावा. तो संस्कृत, ग्रीक व लॅटिनमध्ये लोप पावला.

या पुनर्रचनेत सर्वांत अवघड भाग मधल्या जोडाक्षराचा होता. ग्रीकमध्ये तेथे 'क्ट', म्हणजे आधी क-वर्गीय आणि मग त-वर्गीय ध्वनी दिसतो. संस्कृतमध्ये 'क्ष' आहे, तर लॅटिनमध्ये केवळ 'स' उरला आहे. एवढ्या पुराव्यावरून मूळ क्रम कोणता हे ठरवता येत नव्हते. विसाव्या शतकात आनातोलियातील हित्ती भाषेच्या मृत्तिका-इष्टिकांचे वाचन झाले आणि तीत 'हर्तग्गा' हा एका हिंस्र पशूचा वाचक शब्द सापडला. या पशूची ओळख अस्वल अशीच पटवली जाते. या शब्दात त-वर्गीय ध्वनी आधी व क-वर्गीय ध्वनी नंतर येतो, तसेच इतरत्र लोपलेला 'ह'ही टिकून आहे. म्हणजे ग्रीकमधील क्रम हा वर्णविपर्ययाने उलटलेला क्रम आहे, हे त्यामुळे स्पष्ट झाले. एखाद्या मृत भाषेतील एका शब्दाने इतर भाषांच्या अभ्यासातील कोडे सुटावे, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मूळ शब्दाचा धात्वर्थ काय असावा याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक त्याचा संबंध 'इजा करणे, नाश करणे' या अर्थाच्या धातूशी लावतात आणि संस्कृत 'रक्षस्' हा शब्दही त्याच धातूपासून निघाल्याचे मानतात. ही व्युत्पत्ती खरी असेल, तर हा 'मूळ' शब्दही आरंभी 'विध्वंसक' अशा अर्थाचे विशेषणच ठरेल.

भारतीय शाखेत 'ऋक्ष' पासून हिंदी 'रीछ', गुजराती 'रींछ' आणि जुन्या मराठीतील 'रीस' हे शब्द आले. जुन्या मराठी रामकथांतून वानरांच्या जोडीने येणारे 'रीस' म्हणजे जांबुवंताची सेना. आजच्या मराठीतील 'अस्वल' या शब्दाचा संबंध प्राकृतातील 'अच्छभल्ल' या जोडशब्दाशी लावला जातो. त्यातील 'अच्छ' हे 'ऋक्ष' याचेच प्राकृत रूप असल्याने, दूरच्या नात्याने का होईना, मराठी 'अस्वल' हा लॅटिन 'उर्सुस'चा भाऊबंद ठरतो.

ग्रीक शाखा आणि आकाशातील अस्वल

ग्रीक 'आर्क्टोस' हा शब्द प्राण्याइतकाच नक्षत्रासाठीही वापरला जात असे. उत्तर आकाशातील ज्या तारकासमूहातील सात ठळक ताऱ्यांना भारतात सप्तर्षी म्हणतात, त्याला होमरच्या दोन्ही महाकाव्यांत 'आर्क्टोस' असे म्हटले असून लोक त्याला गाडा असेही म्हणतात, अशी माहिती तेथेच दिली आहे. या नक्षत्राच्या दिशेचा तो 'आर्क्टिकोस', म्हणजे उत्तरेकडील. 'आर्क्टिक' हा शब्द यातून आला आणि त्याच्या विरुद्ध बाजूचा तो 'अंटार्क्टिक'. आर्क्टिक प्रदेशात पांढरी अस्वले आहेत व अंटार्क्टिकावर नाहीत, म्हणून ही नावे पडली, असे स्पष्टीकरण पुष्कळदा सांगितले जाते. ते चुकीचे आहे. नावे देणाऱ्या ग्रीकांच्या डोळ्यांपुढे आकाशातील अस्वल होते, ध्रुवप्रदेशातील नव्हे. स्वाती ताऱ्याचे पाश्चात्त्य नाव 'आर्क्टुरस' हेही 'अस्वलाचा राखणदार' या अर्थाचे आहे, कारण तो या नक्षत्राच्या मागोमाग फिरताना दिसतो.

या बाबतीत संस्कृतचा पुरावा विशेष लक्षणीय आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात रात्री उंचावर दिसणाऱ्या 'ऋक्षां'चा उल्लेख आहे, तर सप्तर्षींना पूर्वी 'ऋक्ष' म्हणत असत, असे शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे. पुढे 'ऋक्ष' या शब्दाला 'तारा, नक्षत्र' असा सामान्य अर्थही प्राप्त झाला. सात ताऱ्यांना अस्वल मानण्याची कल्पना ग्रीक व भारतीय पूर्वजांना समान होती, की दोन शब्दांच्या उच्चारसाम्यामुळे भारतात हा अर्थ जोडला गेला, हा प्रश्न मात्र वादाचा आहे.

ग्रीक पुराणकथेत आर्टेमिस देवीची सखी कॅलिस्टो हिला अस्वलाचे रूप मिळते आणि शेवटी ती आकाशात जाते. तिचा पुत्र आर्कास हा आर्केडियाच्या लोकांचा मूळ पुरुष मानला जातो. अथेन्सजवळील ब्राउरोन येथे आर्टेमिसच्या सेवेत राहणाऱ्या लहान मुलींना 'आर्क्टोई', म्हणजे अस्वले, असे म्हणत. यावरून 'आर्टेमिस' हे नावच 'आर्क्टोस' पासून आले असावे, असा तर्क केला जातो. तो सिद्ध झालेला नाही. आधुनिक ग्रीकमध्ये अस्वलाला 'आर्कूदा' म्हणतात.

लॅटिन शाखा

लॅटिन 'उर्सुस' पासून इटालियन 'ओर्सो', स्पॅनिश 'ओसो', पोर्तुगीज 'उर्सु', फ्रेंच 'उर्स' आणि रोमानियन 'उर्स' हे शब्द आले. यांत भाषिक गुंतागुंत फारशी नाही. 'उर्सुला' हे स्त्रीनाम 'लहानशी अस्वलीण' अशा अर्थाचे असून 'ओर्सिनी' या प्रसिद्ध रोमन घराण्याच्या नावातही अस्वलच आहे.

केल्टिक शाखा

वेल्शमध्ये 'आर्थ' व ब्रेतॉनमध्ये 'आर्झ' हे शब्द आजही प्रचलित आहेत. प्राचीन केल्टिक लोकांत 'आर्टिओ' नावाची अस्वलदेवता पूजली जात असे. स्वित्झर्लंडमधील बर्नजवळ मुरी येथे १८३२ साली कांस्यमूर्तींचा एक समूह सापडला. त्यात एक आसनस्थ स्त्री व तिच्यासमोर एक मोठे अस्वल आहे आणि बैठकीवर आर्टिओ देवीला अर्पण केल्याचा लॅटिन लेख आहे. योगायोग असा की, खुद्द बर्न शहराच्या चिन्हावरही अस्वल आहे. शहराच्या संस्थापकाने तेथे प्रथम अस्वलाची शिकार केली म्हणून हे नाव पडले, अशी दंतकथा आहे. भाषाशास्त्रज्ञ तिला लोकव्युत्पत्ती मानतात.

आयरिश भाषेत मात्र वेगळी स्थिती दिसते. जुना 'आर्ट' हा शब्द 'वीर, योद्धा' या अर्थाने आणि व्यक्तिनाम म्हणून शिल्लक राहिला, पण प्राण्यासाठी 'मॅथगावन्' हे नाव रूढ झाले. याचा अर्थ 'चांगले वासरू' असा लावला जातो. भयंकर प्राण्याला मुद्दाम गोड नाव देण्याचा हा प्रकार दिसतो. या शब्दापासून बनलेले 'मॅकमहॉन' हे आडनाव, म्हणजे 'अस्वलाचा पुत्र', आज जगभर आढळते. राजा आर्थर याच्या नावाचा संबंधही अस्वलाशी जोडतात, पण ते 'आर्टोरियस' या रोमन कुलनामावरून आले असणेही तितकेच शक्य आहे.

जर्मानिक शाखा: तपकिरी की रानटी

इंग्रजी 'बेअर', डच 'बेअर', जर्मन 'बेर', तसेच स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन व आइसलँडिक भाषांतील 'ब्यर्न' हे शब्द एका जर्मानिक पूर्वरूपापासून निघाले आहेत. परंपरागत मतानुसार त्याचा अर्थ 'तपकिरी' असा आहे. संस्कृतमध्ये 'तांबूस-तपकिरी' या अर्थाचा 'बभ्रु' हा शब्द याच वर्णवाचक मुळाशी जोडला जातो. इंग्रजीतील 'ब्राऊन' हाही त्याच कुटुंबातील.

या मताला अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ डोनाल्ड रिंज यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आक्षेप घेतला. 'तपकिरी' या अर्थाचे, नेमक्या त्या घडणीचे मूळ मानण्यास पुरेसा आधार नाही, आणि जर्मानिक शब्द 'रानटी पशू' या अर्थाच्या दुसऱ्या मुळापासून आला असावा, असे त्यांचे म्हणणे आहे. लॅटिन 'फेरुस' (रानटी) आणि ग्रीक 'थेर' (श्वापद) हे त्या मुळाचे वंशज होत. दोन्ही मतांत एक गोष्ट समान राहते: 'तपकिरी' असो वा 'श्वापद', हे प्राण्याचे नाव नसून वर्णन आहे. इंग्रजीत 'वाहून नेणे' या अर्थाचे जे 'बेअर' हे क्रियापद आहे, त्याचा अस्वलाशी काहीही संबंध नाही. ते संस्कृत 'भृ' (भरति) या धातूचे सगोत्र आहे.

गंमत अशी की, हे वर्णनही पुढे रूढ नाव झाले आणि मग त्यालाही पर्याय शोधले गेले. मध्ययुगीन कोल्हेकथांत अस्वलाचे नाव 'ब्रून', म्हणजे पुन्हा 'तपकिरी'च, असे येते आणि इंग्रजीत 'ब्रुइन' हे अस्वलाचे लाडके नाव होऊन बसते. जर्मन गोष्टींतील 'माइस्टर पेट्झ' हाही असाच.

व्यक्तिनामांत मात्र अस्वलाचे वावडे नव्हते. स्कँडिनेव्हियात 'ब्यर्न' हे आजही पुरुषांचे सामान्य नाव आहे, तर 'बर्नहार्ड' म्हणजे 'अस्वलासारखा कणखर'. जुन्या इंग्रजी महाकाव्याचा नायक बेओवुल्फ याच्या नावाचा शब्दशः अर्थ 'मधमाश्यांचा लांडगा' असा घेऊन, हे अस्वलाचेच आडवळणाने घेतलेले नाव असावे, असे काही अभ्यासक मानतात. नॉर्स 'बेर्सेर्क' योद्ध्यांच्या नावाचा अर्थ 'अस्वलाचे कातडे पांघरणारे' असा, की 'चिलखताविना उघडे लढणारे' असा, याबद्दल दोन पक्ष आहेत. बर्लिन शहराच्या चिन्हावर अस्वल असले, तरी शहराचे नाव 'दलदल' या अर्थाच्या स्लाव्ह शब्दावरून आल्याचे मानले जाते; अस्वल तेथे केवळ उच्चारसाम्यामुळे आले.

स्लाव्ह शाखा: मध खाणारा

स्लाव्ह भाषांतील नावाची फोड या सर्वांत अधिक स्पष्ट आहे. रशियन 'मेद्वेद', चेक 'मेद्व्येद', स्लोव्हाक 'मेद्वेज्' व क्रोएशियन 'मेद्व्येद' ही सर्व रूपे 'मेदु' (मध) आणि 'एद' (खाणे) यांच्या संयोगातून बनली आहेत. 'मेदु' म्हणजे संस्कृत 'मधु', मराठी 'मध'. आणि 'एद' म्हणजे संस्कृत 'अद्'. याच दोन घटकांचा 'मध्वद्' हा सामासिक शब्द ऋग्वेदात आढळतो. तेथे तो अस्वलाला उद्देशून नसून वृक्षावर बसलेल्या, मधुर फळ खाणाऱ्या पक्ष्यांना लावलेला आहे. एकाच साच्याचा शब्द दोन दूरच्या प्रदेशांत दोन भिन्न प्राण्यांसाठी घडला, हे पाहण्यासारखे आहे.

शब्दाचा मूळ अर्थ धूसर झाल्यावर रशियन भाषकांना त्यात 'वेदात' (जाणणे; संस्कृत 'विद्') हे क्रियापद ऐकू येऊ लागले आणि 'मध कोठे आहे हे जाणणारा' अशी लोकव्युत्पत्ती प्रचलित झाली. युक्रेनियनमध्ये तर अक्षरांची अदलाबदल होऊन 'वेद्मिद' असे रूप बनले. पोलिश भाषेत आरंभीच्या 'म'चा 'न' होऊन 'न्येज्व्येच' असा शब्द तयार झाला. बल्गेरियनमध्ये मूळ शब्दाचे लाडिक रूप असलेला 'मेच्का' हाच सर्रास वापरला जातो.

रशियात अस्वलाच्या टोपणनावांची रेलचेल आहे. 'मिशा' किंवा 'मिश्का' हे मिखाईल या नावाचे लाडके रूप अस्वलाला लावतात. लोककथांत तो 'मिखाईल पोतापिच' असा पित्याच्या नावासह, आदराने येतो. 'कोसोलापी' म्हणजे वाकड्या पंज्यांचा, 'खोझ्याइन' म्हणजे (जंगलाचा) धनी. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचे बोधचिन्ह असलेल्या अस्वलाचे नाव 'मिशा' हेच होते.

रशियन 'बेर्लोगा' (अस्वलाची गुहा) या शब्दातील 'बेर' हेच अस्वलाचे गुप्त, मूळ स्लाव्ह नाव होय, असे लोकप्रिय लेखनात वारंवार म्हटले जाते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने याला आधार नाही. स्लाव्ह शाखेला वारशाने मिळालेला शब्द 'ऋक्ष' व 'उर्सुस' यांच्याच कुळातील असणार. जर्मन 'बेर'शी त्याचा संबंध असण्याचे कारण नाही.

बाल्टिक शाखा

लिथुआनियन 'लोकीस', लॅट्व्हियन 'लात्सिस' आणि लुप्त झालेल्या जुन्या प्रशियन भाषेतील 'क्लोकिस' हे शब्द परस्परांशी निगडित आहेत, पण त्यांचा मूळ अर्थ निश्चित झालेला नाही. 'केसाळ' आणि 'चाटणारा' असे दोन अर्थ सुचवले गेले आहेत. फ्रेंच लेखक प्रॉस्पेर मेरिमे याच्या १८६९ मधील, लिथुआनियात घडणाऱ्या 'लोकीस' या कथेमुळे हा शब्द पश्चिम युरोपात परिचित झाला. लॅट्व्हियाचे राष्ट्रीय महाकाव्य मानल्या जाणाऱ्या, आंद्रेय्स पुंपुर्स याच्या १८८८ मधील काव्याचे नाव 'लाच्प्लेसिस', म्हणजे 'अस्वलाला फाडणारा', असे आहे. त्याच्या नायकाला अस्वलाचे कान आहेत.

भारत-युरोपीय कुळाबाहेरील भाषा

फिनिश भाषेत अस्वलाचे प्रचलित नाव 'कार्हू' आहे. तेही मूळ नाव नव्हे. 'खरखरीत' या अर्थाच्या 'कार्हेआ' या शब्दाशी त्याचा संबंध असून ते अस्वलाच्या राठ केसांवरून पडले. याखेरीज 'ओत्सो', 'कोन्तिओ' आणि 'मेसिकॅम्मेन' (मधाच्या तळव्याचा) अशी नावे लोकगीतांत आढळतात. एलियास ल्योन्रोट याने संकलित केलेल्या 'कालेवाला' या महाकाव्याच्या १८४९ च्या विस्तारित आवृत्तीतील ४६ वे गीत अस्वलाच्या शिकारीचे व त्यानंतरच्या मेजवानीचे आहे. फिनिश परंपरेत शिकारीनंतर अस्वलाच्या सन्मानार्थ भोजनसमारंभ होत असे आणि त्याची कवटी पाइनच्या झाडावर टांगली जाई. मारलेल्या प्राण्याची मनधरणी करणारा हा विधी पाहिला, म्हणजे नाव टाळण्यामागील मनोवृत्ती समजते. एस्टोनियन भाषेतील 'कारू' आणि 'मेसिकॅप' (मधाच्या पंजाचा) ही नावे फिनिश नावांशी समांतर आहेत. हंगेरियन 'मेद्वे' हा शब्द स्लाव्ह शेजाऱ्यांकडून उसना घेतलेला आहे. बास्क भाषेतील 'हार्त्स' हा शब्द भारत-युरोपीय पूर्वरूपाशी आश्चर्यकारक साम्य दाखवतो. तो केल्टिक भाषेतून घेतला गेला, की हे साम्य योगायोगाचे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

शब्दनिषेधाचा सिद्धान्त आणि त्यावरील आक्षेप

अस्वलाच्या नावांची ही विभागणी शब्दनिषेधामुळे झाली, हे मत फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९०६ साली मांडले. उत्तर युरोपातील शिकारी समाजांत शिकारीच्या काळात अस्वलाचे नाव घेणे वर्ज्य असल्याच्या नोंदी त्यांच्यापुढे होत्या. भारत-युरोपीय कुळातील उत्तरेकडील शाखांनीच मूळ शब्द गमावला, याची सांगड त्यांनी या नोंदींशी घातली.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. रात्री सापाचे नाव न घेता 'लांबडे' किंवा 'जनावर' म्हणण्याची रीत महाराष्ट्रात आहे. बांगडी 'फुटली' न म्हणता 'वाढवली' म्हणतात. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतात. फरक इतकाच की, मराठीत 'साप' हा शब्द दिवसा निर्धास्तपणे वापरला जातो, म्हणून तो टिकला. उत्तर युरोपात हा निषेध पिढ्यान्‌पिढ्या इतका कडक राहिला असावा की, मुलांच्या कानांवर मूळ शब्द पडेनासाच झाला.

या सिद्धान्तावर काही आक्षेप आहेत. पहिला असा की, ग्रीस, इटली, वेल्स व भारत येथेही अस्वले होती. मग तेथे हा निषेध का निर्माण झाला नाही? दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. शब्द नाहीसे होण्यास भीतीच कारणीभूत असते असे नाही. रोजच्या वापरातील कितीतरी निरुपद्रवी शब्दही काळाच्या ओघात बदलतात. शिवाय निषेधाच्या नोंदी पुष्कळ अलीकडच्या आहेत आणि त्यांवरून दोन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या मनाचा अंदाज बांधला जातो. तथापि तीन शेजारच्या शाखांत एकाच प्राण्याचे नाव जावे, आणि फिनिशसारख्या असंबद्ध भाषेतही त्याच प्रदेशात त्याच पद्धतीची नावे यावीत, हे केवळ योगायोगाने घडले असे म्हणणेही कठीण आहे. त्यामुळे बहुतेक ग्रंथांत मेये यांचेच मत आजही ग्राह्य धरले जाते.

मूळ नाव 'कायमचे हरवले' असे जे लोकप्रिय लेखनात म्हटले जाते, ते मात्र बरोबर नाही. उत्तरेकडील भाषांनी ते गमावले तरी संस्कृत, ग्रीक, लॅटिन व हित्ती भाषांच्या साहाय्याने ते पुन्हा उभे करता आले आहे.

भारतीय अस्वलाचे शास्त्रीय नाव

महाराष्ट्रात मेळघाट, ताडोबा इत्यादी जंगलांत आढळणारे अस्वल हे युरोपीय अस्वलाहून वेगळ्या जातीचे आहे. १७९१ साली जॉर्ज शॉ याने त्याची लांब नखे पाहून त्याला अमेरिकेतील 'स्लॉथ' या मंदगती प्राण्याच्या वर्गात टाकले आणि 'ब्रॅडिपस उर्सिनस' असे नाव दिले. ही चूक लवकरच लक्षात आली, तरी 'स्लॉथ बेअर' हे इंग्रजी नाव त्याला कायमचे चिकटले. १७९३ मध्ये मायर याने त्याच्यासाठी 'मेलुर्सुस' हे नवे प्रजातिनाम योजले. 'मेल' म्हणजे लॅटिनमध्ये मध आणि 'उर्सुस' म्हणजे अस्वल. स्लाव्ह भाषांनी भीतीपोटी स्वीकारलेले 'मध खाणारा' हे वर्णन आणि दक्षिणेकडील भाषांनी जपलेले मूळ नाव, ही दोन्ही या शास्त्रीय नावात एकत्र आली आहेत.